चौथ्याची टोपी

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला, पत्र्याखाली
सहा कनेक्टिंग रॉड गोणपाटावर ओळीनं निजवलेत.
निपाणीच्या तंबाखूची लॉरी.
वंटमुरीचा घाट चढताना आतून कुणीतरी ठोठावत होतं म्हणे,
आधी थांबून थांबून,
मग न थांबता.

भरमाण्णा रॉडला हात लावत नाही.
आधी बेरिंगच्या वाट्या उन्हात नेतो.
रॉडला काय झालंय ते रॉड सांगत नाही, म्हणतो,
त्याच्याजवळ निजणारं सांगतंय.
दुसऱ्याची वरची वाटी डाव्या कडेला झिजलीय, खालची उजव्या.
वाकलाय. पाणी प्यालाय कधीतरी.
आदगोंडा मगदूम टोपी काढून डोकं खाजवतो :
हिरण्यकेशी रस्त्यावर आली होती की हो संकेश्वरात,
आम्ही तशीच घातली गाडी.

मग तारेला टांगून एकेकाला पितळी हातोडीची टिचकी.
बाजारात मडकं घेताना आई घ्यायची तशीच.
पहिला वाजला, लांबवर.
तिसरा बद्द.

तिसरा माझ्याकडे.
रॉकेलची आंघोळ, कोरडं फडकं,
वरून खडूची पूड (खडू लेकीच्या शाळेतला, कानडी शाळा,
बाई विचारतात एवढे जातात कुठं).
थोडं थांबायचं. फुंकायचं नाही.
पांढऱ्यातून हळूच एक ओली काळी रेघ वर येते,
बोल्टच्या खांद्यापासून खाली, केसाएवढी.
आमच्याकडे रेघ म्हटली की माणसं दोन बाजूंना उभी राहतात.
हिच्यासाठी कुणी उभं राहत नाही.
ही फक्त तुटते,
आणि ब्लॉक फोडून बाहेर येते.

चौथ्याला डोळ्यांनी काही नव्हतं.
रंग चांगला, कुठं निळा पडलेला नाही.
टोपी बसवली, बोल्ट मापानं आवळले,
बोअर गेज आत घातला :
उभं एक, आडवं एक, तिरकं तिसरंच.
गोल नव्हे ते. अंडं.
जोडावरून नख फिरवलं तर नख अडलं.
रॉड आणि टोपी एकत्र कापतात, एकाच दिवशी,
त्यांचं नख अडत नसतं.
ही टोपी दुसऱ्या कुणाची तरी.

पण ठिपके चारच होते. पंचनं ठोकलेले,
आणि चौथा ठिपका जरा खाली घसरलेला.

अकरा वर्षं मी तो ठिपका पुसतेय, मोजतेय, वहीत उतरवतेय.
भरमाण्णाच्या डाव्या अंगठ्याला नख नाही,
पंच धरताना शेवटी हात ढळतो.
मी गेज खाली ठेवला.
त्यानं चष्मा वर केला, टोपी पालथी केली,
बराच वेळ बघितली.
ह्याच्या बापाच्या वेळची, म्हणाला.
माल भरून गाडी उभी, रात्रीचे दोन, मूळची टोपी चिरलेली.
भंगारातून उचलली मी.

इरली बिडरी, मगदूम म्हणाला,
धावली नव्हे इतकी वर्षं?
आणि दोन वर्षं धावंल.
भरमाण्णानं उत्तर दिलं नाही.
रॉड व्हाइसमध्ये धरला, करवत घेतली,
आणि मधोमध कापायला बसला.
वाकलेला नव्हे, चिरलेला नव्हे, आधी हा.
कुणी पुन्हा उचलू नये म्हणून.
लोखंड चिवट. चहा आला, निवला, साय धरली.

नवे तीन आले. एकाचे पैसे वहीत त्याच्या नावावर लिही म्हणाला.
लिहिले.
पंच माझ्या हातात दिला.
मी चार ठिपके ठोकले, त्यानं बोटानं चाचपले.

त्या वर्षांत अजून किती टोप्या भंगारातून उचलल्या
ते मी विचारलं नाही.
घर हायवेला लागून आहे आमचं.
रात्री भरलेल्या लॉऱ्या चढाला लागतात
आणि मी कूस बदलत नाही,
ऐकत राहते.